कावेरी बाळाला जवळ घेईना

जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पोटात पहिल्या तासाच्या आत आईचा चीक गेला पाहिजे, हे गावाला पटवून देण्याची नोकरी मी सतरा वर्षं करते आहे. आमच्या स्वतःच्या गोठ्यातल्या बाळाच्या पोटात तो सव्वापाच तासांनी गेला.

मी अंगणवाडी सेविका. आमचं गाव नांदूरघाटपासून चार किलोमीटर आत, आणि गावात मला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. एखाद्या सुनेला दिवस गेले की तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं, असं लोक म्हणतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. बाळंतीण घरी आली रे आली की मी चित्रांची मोठी वही काखेत मारून तिच्या दारात हजर असते. बाळंतपणानंतरचं पहिलं दूध घट्ट आणि पिवळं येतं, तो चीक. गाईचा असला तर लोक त्याचा खरवस करून शेजारीपाजारी वाटून खातात, आणि बाईचा असला तर 'नासकं दूध' म्हणून पिळून टाकतात. या एका मुद्द्यावर मी तासभर बोलू शकते आणि बोलतेही.

माझ्या भाषणातला सगळ्यात परिणामकारक भाग म्हणजे माझी सासू. "दुसऱ्याचं कशाला सांगू?" असं म्हणून मी जरा थांबते. "माझ्याच सासूनं माझं पहिलं दूध भिंतीवर पिळायला लावलं. तीन दिवस माझं लेकरू साखरेच्या पाण्यावर होतं." इथे माझा आवाज कापतो. (तो नेमका कुठे कापायचा, हे आता आवाजालाच पाठ झालं आहे.) बायका पदर डोळ्यांना लावतात आणि चीक पाजायला तयार होतात. हे मी गावात सांगितलं, प्रशिक्षणात सांगितलं, महिन्याच्या बैठकीत सांगितलं. आमच्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिका मॅडमच्या हाताखाली, माझ्याशिवाय आणखी सव्वीस सेविका आहेत. त्या सव्वीसही जणींना माझी सासू तोंडपाठ आहे. खुद्द सासूबाईंना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण त्या अंगणवाडीत येत नाहीत आणि मी घरी भाषण करत नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. घरात आम्ही तिघं: आत्याबाई, मी आणि आमचे हे. मुलगा बीडला कॉलेजात असतो. आणि गोठ्यात कावेरी.

कावेरी माझ्या माहेरची. लाल कंधारी जातीची, लिंबागणेशकडची. माझ्या वडिलांनी ती एवढीशी असताना टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवली, आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. त्यांच्या हातचं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. यंदा तिचं पहिलं वेत. आपल्या गावरान गाईचं असं असतं की वासरू पुढ्यात नसेल तर ती पान्हाच सोडत नाही. वासरू दगावलं तर दूध आटतं, आणि गाय महिनाभर दाराकडे बघून हंबरत राहते. ते हंबरणं मी माहेरी एकदा ऐकलं होतं. पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती.

ती व्याली एका रविवारी सकाळी पावणेदहाला. आमचे हे पहाटेच दिंद्रुडला एका साखरपुड्याला गेले होते. आत्याबाईंनी कमरेला पदर खोचला, वासराचे पाय दिसल्यावर हलक्या हाताने ओढलं, आणि बघता बघता तांबडी भुरकी कालवड गवतावर पडली. कपाळावर पांढरा ठिपका. मला रडूच आलं.

"आता मागं सर," आत्याबाई म्हणाल्या. "तिचं तिला चाटू दे."

पण इथे माझी सतरा वर्षांची नोकरी आडवी आली. बाळ जन्मलं की पहिली गोष्ट काय? बाळ कोरडं करा. दुसरी गोष्ट? ऊबदार कपड्यात गुंडाळा. मी म्हणाले, "आत्याबाई, असं ओलं ठेवलं तर गारठंल ती. तुमी जरा दूर व्हा." आणि कावेरीने मान वळवायच्या आत मी कालवड उचलून गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. जुन्या लुगड्याने खसाखसा पुसली. साबणाच्या कोमट पाण्याचं फडकं फिरवलं. मुलाची हिवाळ्यातली शाल आणून तिच्याभोवती गुंडाळली. थोडी पावडरही लावली. (पावडर का लावली, ते मला आजही सांगता येत नाही. हात सवयीने गेला.)

आत्याबाई दावणीजवळ उभ्या राहून हे बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "काजळबी घाल."

पाऊण तासाने कालवड चार पायांवर उभी राहिली. मी तिला शालीसकट कावेरीच्या सडांजवळ नेली. कावेरीने वळून तिला हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि तिच्या तोंडावर लाथ झाडली. कालवड भेलकांडली. मी तिला उठवून पुन्हा नेली, तेव्हा दुसरी लाथ माझ्या मांडीवर बसली.

"पहिलटकरीण हाय," मी मांडी चोळत म्हणाले. "तिला समुपदेशनाची गरज हाय."

"तिला लेकराची गरज हाय," आत्याबाई म्हणाल्या. "हे तिचं न्हाईच, असं वाटायलंय तिला. शोभे, माझं ऐक..."

"आत्याबाई, हे शास्त्र हाय. तुमी नका मधी पडू."

आत्याबाई खरोखरच मधे पडल्या नाहीत. त्या पुढच्या ओट्यावर जाऊन सुपात बाजरी घेऊन निवडत बसल्या. त्या बाजरी निवडत बसल्या की समजायचं, त्या रागावल्या आहेत.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात एका अडलेल्या म्हशीपाशी होते. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत येतो. पण सहा तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे, कसंही करून. नाहीतर वासराचा भरवसा धरू नका." मी घड्याळ बघितलं. पावणेदोन तास गेलेच होते.

मग मी यांना कळवायचं ठरवलं. साखरपुड्याच्या गोंधळात फोन काही उचलेनात, म्हणून घरच्या ग्रुपवर लिहिलं. घरच्या ग्रुपचं नाव 'आपलं घर'. त्याच्या बरोबर खाली आमच्या बीटचा ग्रुप असतो, त्याचं नाव 'आपलं बाळ'. माझे हात शेणाने भरलेले. मी करंगळीने टाईप केलं:

'कावेरी सकाळी बाळंत झाली, मुलगी आहे. पहिलटकरीण असल्याने बाळाला जवळ घेईना. अंगावर लावलं की लाथा मारतेय. दोन तास झाले, चीक पोटात नाही, बाळ सुस्त पडलंय. काय करू? लवकर कळवा.'

(कालवड हा एक शब्द लिहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सतरा वर्षं ज्या शब्दांत निरोप लिहिले, तेच शब्द बोटातून उतरले.) कुठल्या ग्रुपवर गेलं ते मी बघितलं नाही. बॅटरी चार टक्के होती. फोन आत चार्जिंगला लावला आणि विसरून गेले.

तेवढ्यात शेजारची मुक्ता आली. ही माझी सगळ्यात यशस्वी लाभार्थी. हिच्या बाळंतपणात मी हिला सोळा वेळा भेट दिली होती. आठ महिन्यांचं गुटगुटीत पोर कडेवर घेऊन ती गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि तिने परिस्थिती एका नजरेत ओळखली.

"बाई, पोटाला पोट लागलं का?" तिने विचारलं.

"काय?"

"बाळाचं पोट आईच्या पोटाला. हनुवटी टेकलेली. तोंड मोठं उघडलेलं. तुमीच सांगितलं होतं."

मी म्हणाले, "मुक्ते, ती गाय हाय."

"आई ती आईच, असं बी तुमीच म्हनलावता."

मी कावेरीचे मागचे पाय दोरीने बांधले आणि कसाबसा अर्धी वाटी चीक काढला. तेवढ्यात तिने अंगच असं झटकलं की वाटी भिंतीवर गेली. पुन्हा काढला. आता तो पाजायचा कशाने? मी म्हणाले, "घरात एक बाटली हाय बग, बूच असलेली..."

मुक्ताचा चेहरा गंभीर झाला. "बाटली?" तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बाई, बाटली न्हाई. वाटी-चमचा."

माझ्याच गावात, माझ्याच गोठ्यात, माझ्याच शिकवणीपुढे मी बाटली काढू शकले नाही. मग चमच्याने. चौदा चमच्यांतले दोन आत गेले, बाकीचे शालीवर. कालवडीला चमचा काही उमजेना. शेवटी मी चिकात बोटं बुडवून तिच्या तोंडात घातली, आणि ती एकदम चोखायला लागली. मी आनंदाने बोटं हळूच सडाकडे नेली. ती बोटांबरोबर आली, सड बघितला आणि तोंड फिरवून पुन्हा माझ्या बोटांकडे. बोटं काढून घेतली तर पदर चोखायला लागली. मी उठले तर धडपडत माझ्या मागे. कावेरी दावणीला बांधलेली, तिची मुलगी माझ्या पदराला लागलेली, आणि माझ्या पदरातून काहीच येत नव्हतं.

"तुमालाच आई समजायली," मुक्ता म्हणाली. "बाई, तुमी मन प्रसन्न ठेवा."

दीड वाजला, दोन वाजले. कालवड थकून बसली आणि मान माझ्या मांडीवर टाकली. तिच्या तोंडात बोट घातलं तर आतून गार लागलं. आता चोखणंही थांबलं होतं. मला भीती वाटायला लागली. सहा तासांतले सव्वाचार गेले होते. वडिलांनी पाठवलेल्या गाईचं पहिलं वासरू माझ्या मांडीवर विझत चाललं होतं, आणि माझ्याकडे वहीतली चित्रं सोडून दुसरं काही नव्हतं. मी मुक्ताला म्हणाले, "पळ, आत्याबाईंना बोलव. म्हणावं, शोभा चुकली."

मुक्ता ओट्यापाशी पोचली, पण तिला तोंड उघडायला मिळालं नाही. कारण त्याच वेळी दारात जीप थांबली आणि त्यातून आमच्या पर्यवेक्षिका मॅडम आणि उपकेंद्राच्या सिस्टर उतरल्या. पुढचा प्रसंग मुक्ताने मला आणि पुढचा आठवडाभर सगळ्या गावाला ऐकवला, तो असा.

मॅडमनी मला चौदा फोन केले होते. ग्रुपवर सव्वीस जणी खडबडून जाग्या झाल्या होत्या आणि निम्म्या जणींनी एकच लिहिलं होतं: 'सासूला समजवा. सासूच आडवी येत असणार.' सेविकेच्या स्वतःच्या घरात बाळंतपण, दवाखान्यात नाही, कुठे नोंद नाही, आणि वर बाळ उपाशी! मॅडमची रविवारची झोप उडाली होती. ओट्यावर आत्याबाई बाजरी निवडताना दिसल्या. मॅडम त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"आजी," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "कावेरी तुमची कोण?"

"माझी न्हाई. शोभाच्या माहेरची हाय ती."

"बाळंतपणासाठी आलीय?"

"न्हाई बाई. ल्हानपणीच आणली. तीन वर्सं झाली असतील."

मॅडमनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी वही काढली.

"वय किती तिचं?"

"साडेतीन."

"आजी, नीट सांगा."

"साडेतीनच. चौथं लागंल आता."

सिस्टरनी वहीत लिहिलं नाही. मॅडमनी ठरवलं की आजींना वयामुळे गोंधळायला होतंय, आणि आवाज थोडा मोठा केला. "आजी, बाळाला चीक का पाजू देत नाही तुम्ही?"

"म्या कावून अडवू?" आत्याबाई म्हणाल्या. "तीच पाजंना. लाथा मारायली."

"मग तुम्ही काय केलं?"

"म्या काय न्हाई केलं. शोभानं तिचे पाय बांधले."

"पाय बांधले?"

"दोरीनं. मागचे दोन."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. मॅडमनी त्यांना हाताने बसवलं. "आणि खायला काय दिलं तिला?"

"भरडलेली बाजरी, गूळ घालून. पेंडबी दिली थोडी. लई खाऊ देत न्हाई पहिल्या दिशी."

तेवढ्यात मी घराला वळसा घालून पुढे आले. मुक्ता परत का येत नाही म्हणून बघायला. कोपरापर्यंत शेण, पदर चोखून ओला, केसांत गवत. मॅडमना बघून मी जागीच थिजले.

"शोभाबाई," मॅडम म्हणाल्या, "पाय बांधले तुम्ही तिचे?"

"हो मॅडम," मी म्हणाले. (त्या इथे का आल्या आहेत, हे मला कळायला अजून अवकाश होता. मला वाटलं, रविवारची अचानक भेट.) "काय करणार? मांडी सुजवलीय माझी."

"कुठंय ती?"

"गोठ्यात."

"गोठ्यात ठेवलंय तिला?"

"मग कुठं ठेवू मॅडम? घरात शेण कोण काढणार?"

मॅडम ताडताड चालत गोठ्याकडे गेल्या, त्यांच्या मागे सिस्टर, त्यांच्या मागे मी, मुक्ता आणि गुडघे धरत आत्याबाई. कावेरी रवंथ करत उभी होती. मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग शालीत गुंडाळलेल्या, पावडर लावलेल्या कालवडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. सिस्टर भिंतीला टेकल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी तालुक्याला फोन केलाय, शोभाबाई."

माझी नोकरी डोळ्यांपुढून गेली. पण मला आधी कालवड दिसत होती. मी म्हणाले, "मॅडम, काय करायचं ते नंतर करा. ती मरायलीय." आणि मी रडायला लागले, बैठकीतलं नव्हे, खरं.

मॅडम गडबडल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं म्हणून त्या आत्याबाईंकडे वळल्या. "आजी, तुम्ही तरी सांगायचं ना हिला. पण तुम्ही काय सांगणार. तुम्ही हिचंच पहिलं दूध भिंतीवर पिळायला लावलं होतं. सगळ्या बीटला माहीत आहे."

मला वाटलं, आता कावेरीने मला अजून एक लाथ घालावी आणि हा प्रसंग संपावा.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या?"

मी खाली बघितलं.

"म्या पिळायला लावलं? अगं, तूच लेकरू अंगावर घेईनास. दुखतंय म्हणून वरडायचीस. एकदा तर पायानं बाजूला सारलंस त्याला. म्या तुझे दोन्ही हात धरले, तुझ्या आईनं पाय धरले, तवा कुठं तिसऱ्या दिशी प्यालं पोरगं." त्यांचा आवाज चढला नाही. बाजरीचा भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "तुझं बी चुकलं न्हवतं. एकोणीस वर्सांची पोर तू. सुईणीनं लेकराला न्हाऊ घातलं, गुंडाळलं, आन् दोन तासांनी आणून एकदम तुझ्या अंगावर टाकलं. तू त्याला धड बघितलंबी न्हवतंस. म्या म्हनलं होतं तिला, आधी आईपाशी दे. पण माझं कोण ऐकतंय?"

आणि मला आठवलं. अगदी खोलीच्या कुडासकट आठवलं, आईने धरलेले पाय आठवले. भिंतीवर दूध पिळायला लावलं होतं ते आमच्या माहेरच्या गल्लीतल्या एका बाईला. नोकरीच्या पहिल्या प्रशिक्षणात प्रत्येकीला स्वतःचा अनुभव सांगायला लावला, माझा सांगण्यासारखा नव्हता, म्हणून मी तिचा घेतला. सासू मात्र माझी वापरली. पुढे इतक्या वेळा सांगितला की तो मलाच खरा वाटायला लागला. मला फार लाज वाटली. 'आत्याबाई, चुकलं' असं मी म्हणाले, पण ते इतकं हळू की कदाचित कालवडीनेच ऐकलं असेल.

"रड नंतर," आत्याबाई म्हणाल्या. "आता मला बोलू देतीस का?"

"बोला."

"ती शाल काढ. मीठ आण, आन् मूठभर भुसा. त्या गाईचे पाय सोड."

वार, म्हणजे वासराबरोबर येणारी झिल्ली, दुपारीच पडली होती, आणि गाईने खाऊ नये म्हणून आत्याबाईंनी ती तेव्हाच टोपलीखाली झाकून ठेवली होती. (म्हणजे रागावून बाजरी निवडतानाही त्यांचं लक्ष गोठ्यातच होतं.) त्यांनी एक फडकं तिच्यावर फिरवलं आणि ते कालवडीच्या पाठीला, पोटाला, तोंडाला चोळलं. माझी पावडर गेली, माझा साबण गेला. वरून मीठ आणि भुसा भुरभुरवला. मग कालवड उचलली, आणि सडाकडे न नेता कावेरीच्या तोंडापुढे ठेवली.

"आधी वळख तर पटू दे," त्या म्हणाल्या.

कावेरीने हुंगलं. फुरफुर केलं नाही. पुन्हा हुंगलं. मग जीभ बाहेर काढून पाठीवरचं मीठ चाटलं. एकदा, दोनदा, आणि मग ती थांबेचना. मान, कान, कपाळावरचा ठिपका. घशातून बारीक हुंकार काढायला लागली. तो आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. चाटून चाटून तिने कालवडीला हलवलंच. कालवडीचे कान हलले, तिने मान उचलली, पुढचे गुडघे टेकले आणि आत्याबाईंनी मागून हात देताच उभी राहिली. धडपडत कडेकडेने सडांपाशी गेली. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला होता. मी त्यांच्या साडीला शेण लागू नये म्हणून हात वर धरून उभी होते.

कावेरीने मागचा पाय उचलला. आत्याबाईंनी तिच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि काहीतरी पुटपुटल्या. कावेरीने पाय खाली ठेवला. कालवडीने एका सडाला ढुशी दिली, सोडली, दुसरा धरला, आणि तिची शेपूट हलायला लागली. तोंडाच्या कडेने पिवळा फेस आला. घड्याळात तीन वाजले होते.

सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, "लागलं हो." मॅडमनी जाऊन जीपमधून स्वतःची पाण्याची बाटली आणली आणि आत्याबाईंना हात धुवायला पाणी घातलं. मग त्यांनी तालुक्याला दुसरा फोन केला. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोनवर पलीकडे कुणीतरी बराच वेळ हसत होतं.

कारवाई झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत 'जन्मानंतरचा पहिला तास' या विषयावर बोलायला मॅडमनी आत्याबाईंना बोलावलं. जीप पाठवून. आत्याबाई नवं लुगडं नेसून गेल्या आणि कागद न घेता पाऊण तास बोलल्या. लेकराला आधी आईपाशी द्या, दोघांची ओळख होऊ द्या, बाकीचं मग. मधे त्या थांबल्या. "दुसऱ्याचं कशाला सांगू," त्या म्हणाल्या, "माझ्याच सुनंनं लेकराला लाथ मारलती." त्यांचा आवाज जराही कापला नाही, तरी सव्वीसच्या सव्वीस जणींचे डोळे भरून आले आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

आता आत्याबाईंना सगळ्या बीटमधून बोलावणी येतात. मला सोबत जावं लागतं, कारण त्यांचे गुडघे दुखतात आणि लोकांना सूनही बघायची असते. परवा एका गावात भाषण झाल्यावर चहाच्या वेळी एक नवीन सेविका, जेमतेम विशीची, माझ्याजवळ सरकली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि माझा हात प्रेमाने हातात घेतला.

"बाई, लाजू नका," ती हळूच म्हणाली. "मग आता पाजता का तुमी त्याला?"

मी म्हणाले, "नाही. तो आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."